शाळा क्रमांक शून्य

जिल्ह्यातल्या बेचाळीस शाळांच्या इमारतींचा वीस वर्षांचा सुधारणा आराखडा मंजुरीला आला, तेव्हा त्यात त्रेचाळीस शाळा होत्या. हे बैठकीत एकाच माणसाच्या लक्षात आलं, आणि चूक त्याचीच होती.

शिक्षण मंडळाच्या नियोजन अधिकाऱ्यांना सगळे पाठीमागे ‘मोजपट्टी’ म्हणत. दाराची उंची सहा फूट साडेनऊ इंच असेल तर ते कुणाला ‘सुमारे सात’ लिहू देत नसत. एकतीस वर्षांत त्यांच्या कागदात चूक सापडली नव्हती. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि हा त्यांचा शेवटचा आराखडा होता.

मुख्याध्यापकांना पाठवलेले तक्ते पहिल्यांदा भलतेसलते भरून आले. ‘छताची स्थिती’ या रकान्यात एकाने लिहिलं होतं, ‘आहे’. दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘वर’. तेव्हा मोजपट्टींनी पहिली ओळ नमुना म्हणून स्वतःच भरून द्यायचं ठरवलं. खोटे आकडे लिहायला मात्र हात धजेना. म्हणून ज्या इमारतीचा इंच न् इंच पाठ होता, तीच त्यांनी भरली. स्वतःचं घर. क्रमांक शून्य. खोल्या चार, वापरात एक. गळती स्वयंपाकघरात. वापरकर्ते एक. ‘खोल्या बंद असल्याचे कारण’ या रकान्यापाशी ते बराच वेळ थांबले. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि लेक दूरच्या शहरात संसाराला लागली होती. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘पटसंख्या घटली.’

तक्ते या खेपेला नीट भरून आले. ते एकत्र केले गेले आणि नमुन्याची ओळ काढायची राहिली. दुरुस्तीचा क्रम लावायचं सूत्रही मोजपट्टींचंच होतं. छत जितकं गळतं, त्याला खाली बसणाऱ्या माणसांनी भागायचं. बाकीच्या शाळांत गळती तीनशे-चारशे डोक्यांत वाटली जात होती. शून्य क्रमांकात सगळी एकाच्याच वाट्याला होती. शून्य क्रमांक यादीत पहिला आला.

“एकच मूल?” अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “चार खोल्यांत?”

“आणि तरी शाळा बंद नाही पडली, बाई. कमालच म्हणायची,” इंजिनिअर म्हणाला.

“काय हो, तुम्ही पाहिलंय त्या मुलाला?”

मोजपट्टी दचकले. “हो. म्हणजे, रोजच बघतो.”

“कसं आहे?”

“शांत असतं.”

“बोलायला, खेळायला कुणी?”

“नाही.”

“जेवतं तरी नीट?”

“कधीकधी कंटाळा करतं. पण बाई, यात जरा खुलासा...”

“खुलासा तिथंच करा. गुरुवारी अकराला आम्ही दोघं तुमच्या घरी येतो, तिथून पाहणीला जाऊ. हलवून सोडलंत हो तुम्ही मला.”

मोजपट्टींनी त्याच संध्याकाळी चूक कबूल करणारं पत्र लिहिलं. मग पुन्हा लिहिलं, कारण समास वाकडा आला होता. शनिवारी ते पाकिटात घातलं आणि पाकीट खिशात. मग ते बाजारात गेले आणि सहा कप घेऊन आले. घरात कान असलेला कप एकच होता.

रविवारी नेहमीप्रमाणे लेकीचा फोन आला.

“बाबा, कुणी येतं-जातं का घरी?”

“गुरुवारी दोघंजण येणारेत.”

“अरे वा! कोण?”

“पाहणी समिती.”

“कशाची पाहणी?”

“गळतीची.”

“म्हणजे ते स्वयंपाकघर अजून गळतंय? बाबा, मागच्या वर्षी म्हणालात की केलं म्हणून!”

“बादली ठेवलीय म्हणालो होतो.”

फोन चार मिनिटं अकरा सेकंद चालला. त्यानंतर मोजपट्टींनी तिन्ही बंद खोल्या उघडल्या आणि दोन दिवस झाडल्या.

गुरुवारी जीप दाराशी थांबली. फाटकातच कबुली द्यायची असं त्यांचं ठरलं होतं. पण आधण उकळत होतं, तेव्हा आधी चहा. मग दुसरा चहा.

“बरं, आता शाळेत जाऊ या,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “किती लांब आहे? आणि ते मूल?”

मोजपट्टी उठून उभे राहिले. “ते मूल मीच.”

त्यांनी पाकीट पुढे केलं. अध्यक्षबाईंनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. इंजिनिअरने हसू लपवायला तोंड खिडकीकडे फिरवलं.

“बैठकीत सांगता आलं असतं. फोन करता आला असता. आम्ही घरात येऊन बसेपर्यंत गप्प का राहिलात?”

मोजपट्टींनी टेबलाकडे पाहिलं. “कप आणले होते,” ते म्हणाले.

अध्यक्षबाईंनी पत्राची घडी घातली. मग उठून त्या चारही खोल्यांतून फिरून आल्या.

“तुमच्या आराखड्याचं पान सोळा. काय लिहिलंय?”

“दुरुस्तीच्या काळात वर्ग जवळच्या रिकाम्या इमारतीत हलवावेत.”

“नऊ नंबरची शाळा इथून किती लांब?”

“एकशे ऐंशी पावलं.”

“पावलं?” इंजिनिअर चमकून वळला.

“म्हणजे, चारशे साठ फूट. घंटा ऐकू येते.”

“तिचे दोन वर्ग व्हरांड्यात बसतात.”

“त्रेपन्न मुलं.”

“दीड वर्ष. चालेल?”

मोजपट्टींनी चष्मा पुसला. तो आधीच स्वच्छ होता. “दोन खोल्या वर्गांना, तिसरी शिक्षिकांना,” ते म्हणाले. “बाकं बसतील. मोजलंय मी.”

“कधी मोजलंत?”

“बुधवारी. झाडून झाल्यावर.”

महिन्याभरात वर्ग आले. आराखडा दुरुस्त झाला आणि त्याच सूत्राने शाळा क्रमांक शून्य पहिल्यावरून थेट त्रेचाळिसावी झाली. स्वयंपाकघराचं छत विसाव्या वर्षात गेलं. इंजिनिअरने अवघडून फोन केला.

“साहेब, सूत्रात काही फिरवाफिरव करू का?”

“सूत्र बरोबर आहे. बादली आहे माझ्याकडे.” पलीकडच्या खोलीत नऊचा पाढा चालला होता. मोजपट्टींना आवाज चढवावा लागला.

“पण आकड्यात चूक आहे, साहेब. वापरकर्ते पंचावन्न लिहिलेत तुम्ही.”

“मुलं त्रेपन्न, शिक्षिका दोन. दोनदा मोजलंय.”

“आणि तुम्ही?”

मोजपट्टींनी तक्ता पुढे ओढला आणि ओळीवर बोट ठेवलं. खरंच, स्वतःला धरायचं राहून गेलं होतं.