तारा निकेलच्याच हव्यात

निकेल या विषयावर मला कोणी काही शिकवू नये! नळांना निकेलचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. सकाळ-संध्याकाळ निकेलच खातो-पितो म्हणा ना. त्यामुळे सासऱ्यांच्या गिटारला निकेलच्या तारा बसवायचं निघालं तेव्हा मी कॉलर ताठ केली आणि जाहीर केलं, हे काम माझं. मध्ये कोणी येऊ नका.

ती गिटार म्हणजे काही साधीसुधी नव्हे. रेझोनेटर गिटार. अख्खं अंग धातूचं आणि पोटात ॲल्युमिनियमची एक पातळ, खोलगट चकती. तारांचा आवाज मोठा करायचं काम ती चकती करते. सासरे करंगळीत लोखंडी नळी घालायचे आणि ती तारांवरून घसरवत वाजवायचे. सासूबाई होत्या तोवर रोज संध्याकाळी हा कार्यक्रम असायचा, आणि त्या गेल्यावरही त्यांनी तो मोडला नाही. पण गेल्या वाढदिवसाला माझ्या साडूला प्रेमाचं भरतं आलं. त्याने ती गिटार परस्पर कारागिराकडे नेऊन नवीकोरी करून आणली. पॉलिश काय, ब्रॉन्झच्या महागड्या तारा काय! सासऱ्यांनी थोडी वाजवून पाहिली, खाली ठेवली आणि पुन्हा हात लावला नाही. आवाज गेला तिचा, एवढंच म्हणाले.

पुढे त्यांनी सांगून टाकलं की आता ही दोघांपैकी एका जावयाला देऊन टाकतो. जो ती पूर्वीसारखी वाजवून दाखवील त्याची. साडूने आणखी महाग ब्रॉन्झ लावून पाहिलं आणि तोंडावर आपटला. मग पाळी माझी आली. रविवारी चहाला सासरे येणार, वाजवून बघणार आणि तिथल्या तिथे निकाल!

मला गिटार का हवी होती? खरं सांगायचं तर साडूला मिळू नये म्हणून. मला सा आणि रे यांतला फरकही कळत नाही. पण बायकोचं तसं नव्हतं. ती म्हणाली, "गिटार कोणाकडेही राहू दे रे. मला तो आवाज पुन्हा एकदा ऐकायचाय. आई गेल्यापासून तेवढंच तर उरलं होतं त्या घरात."

यानंतर मागे हटणं शक्यच नव्हतं.

रोगाचं निदान मी जागच्या जागी करून टाकलं होतं. ब्रॉन्झ! बाबांच्या जुन्या तारा पांढऱ्या, चकचकीत होत्या, असं बायकोला पक्कं आठवत होतं. पांढरं आणि चकचकीत म्हणजे निकेल, हे आमच्या कारखान्याच्या रखवालदारालाही ठाऊक आहे. तेव्हा शनिवारी मी खिशात कारखान्यातला लोहचुंबक घालून वाद्यांच्या दुकानात गेलो. निकेल चुंबकाला चिकटतं, ब्रॉन्झ चिकटत नाही. मला कोण फसवणार?

दुकानदारीणबाईंनी तारांची चार पाकिटं काउंटरवर मांडली. मी चुंबक काढला आणि पहिल्या पाकिटाला लावला. टपकन चिकटलं. निकेल, मी म्हणालो. बाई म्हणाल्या, ब्रॉन्झ. दुसरं चिकटलं, तिसरं चिकटलं, चौथं चिकटलं आणि त्याच्याबरोबर बाईंची कात्रीही आली. सगळ्या तारांच्या आत पोलादच असतं, वरचं वेष्टन तेवढं वेगळं, असं त्यांनी कात्री सोडवून घेत सांगितलं. मी म्हणालो, मी ते पोलादच तपासत होतो.

मग त्यांनी विचारलं की गिटारची मान मागून गोल आहे की चौकोनी? चौकोनी असेल तर जाड तारा चालतात, गोल मान त्या ताणाने वाकते. आता गिटारला पाठीमागून कोण कशाला बघेल! मी बायकोच्या ऑफिसात फोन लावला.

"त्या गिटारची मान मागून गोल आहे की चौकोनी?"

"हे विचारायला तू मला साहेबांसमोरून उठवलंस? गोल," असं म्हणून तिने फोन ठेवला.

ब्रॉन्झ आणि जाड तारा बाद झाल्या, उरली दोन पाकिटं. एकात निकेलचा नुसता मुलामा, दुसऱ्यात निखळ निकेलचं वेष्टन. मुलामा लवकर उडून जाईल, असं बाई म्हणायच्या आधीच मी हात वर केला. मुलामा म्हणजे काय ते मला विचारा! आयुष्य गेलंय त्यात. घरच्या मालावर माझा अजिबात विश्वास नाही. मी निखळ निकेल उचललं. निघताना बाईंनी बजावलं की तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम सोडू नका. आतली चकती नुसती टेकवलेली असते, तारांच्या दाबानेच जागेवर राहते. मी हो हो म्हणालो. मनात म्हटलं, एकेक करत बसलो तर पुसायची कधी?

रविवारी सकाळी मी सगळ्या तारा एकदम सोडल्या. गिटार पुसायला उलटी केली तर आत खळ्ळकन काहीतरी सरकलं. चकतीच ती! ठीक आहे, म्हटलं, निघालीच आहे तर तीही घासून घेऊ. वरची जाळी उघडली, स्क्रू एका वाटीत काढले, चकती बाहेर घेतली. मधोमध एक लाकडी बटण, तारा त्याच्यावरून जातात. चकती धुतली, पुसली आणि वाळायला ओट्यावर ठेवली. तेवढ्यात वाटी कलंडून एक स्क्रू कपाटाखाली गेला. मी जमिनीवर पालथा पडून चुंबकाने शोधायला लागलो. तीन पिना, एक खिळा आणि बायकोचं जुनं किचेन निघालं. स्क्रू सगळ्यात शेवटी आला.

स्वयंपाकघरात परत येतो तर काय! माझ्या आईने दूध तापवून पातेल्यावर चकती झाकली होती, आणि मांजराने ती पाडू नये म्हणून वर दगडी बत्ता ठेवला होता. बत्ता दुधाला टेकायच्या बेतात होता. चकतीची पार बशी झाली होती.

"आई, अगं हे काय केलंस? ही गिटारची चकती आहे!"

"मग ती ओट्यावर काय करत होती? लाकडी बटण आहे, गोल आहे, मापाचं आहे. मला वाटलं नवीन झाकण आणलंस."

मी चकती आतून दाबून सरळ करायला गेलो तर ती टर्रकन फाटली. आवाज ऐकून बायको आली. चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्टुलावर बसली आणि म्हणाली, बाबा निघालेत, तुझ्या साडूच्या गाडीतून.

पण हातपाय गाळणाऱ्यातला मी नाही! म्हटलं, चकती जर पातेल्याला बसते, तर पातेल्याचं झाकण गिटारला का बसू नये? आईचं झाकण घासून घासून कागदासारखं झालं होतंच. त्याची मूठ काढली, चकतीचं लाकडी बटण तिथे स्क्रूने बसवलं आणि झाकण गिटारच्या पोटात ठेवलं. शिवून घेतल्यासारखं बसलं! वर जाळी, जाळीवर तारा. निखळ निकेलच्या. शेवटची तार ताणतोय तोच दारावरची बेल वाजली.

सासरे आत आले. मागून साडू, चेहऱ्यावर आधीच सांत्वनाचे भाव घेऊन. सासऱ्यांनी चहाला नको म्हटलं, करंगळीत नळी चढवली, तारा जुळवल्या आणि नळी हळूच वरपासून खालपर्यंत ओढली.

मला वाटलं, संपलं. आवाज कसा, तर थोडा नाकातला, थोडा रडवेला. पण सासरे थांबेनात. डोळे मिटून वाजवतच राहिले. दारात बायको ट्रे घेऊन उभी होती. कपातला चहा बशीत सांडत होता आणि तिला पत्ता नव्हता. "हाच," ती म्हणाली. "बाबा, हाच."

मी साडूकडे बघून घेतलं आणि म्हणालो, "निकेल, बाबा. निखळ निकेल!"

सासऱ्यांनी डोळे उघडले. जाळीवर टिचकी मारली, कान लावला. "जावईबापू," ते म्हणाले, "आत काय घातलंय?"

मी तारांच्या वेष्टनाबद्दल बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात आतून आई म्हणाली, "माझं दुधाचं झाकण घातलंय!"

सासरे हसायलाच लागले. हसता हसता डोळे पुसू लागले. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी त्यांची चकती अशीच भांड्यावर ठेवून चेपवली होती. सासरे रुसून बसले, तेव्हा सासूबाईंनीच पातेल्याचं झाकण आणून समोर ठेवलं, हे घालून बघा म्हणून. जन्मभर त्यांनी ते झाकणच वाजवलं होतं.

साडू खाली बघत म्हणाला, "आत एक जुनं झाकण निघालं होतं खरं. कारागीर म्हणाला, कोणीतरी फसवलंय तुम्हाला. त्याने फेकून दिलं आणि नवी चकती बसवली."

"आणि मी समजलो, माझे कानच गेले," सासरे म्हणाले. "ती गेली, आता तिचा आवाजही मला ऐकू येईना."

मग मी घसा खाकरून विषय काढला की, तर आता गिटारचं म्हणजे...

"गिटारचं काय? वाजतेय म्हटल्यावर देऊ कशाला कोणाला?" सासऱ्यांनी ती पेटीत ठेवून पेटी मिटलीसुद्धा. बायकोला म्हणाले, संध्याकाळी येत जा ऐकायला. ती मान हलवून रडत हसली. मी आणि साडू एकमेकांकडे बघत राहिलो. आईने तेवढ्यात झाकणाची आठवण करून दिली, तर सासरे हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, ते आता माझं."

सध्या आमचं दूध साडूने बसवून आणलेल्या त्या फाटक्या चकतीखाली असतं. बटण नसल्यामुळे ती सांडशीने उचलावी लागते. बायको संध्याकाळी माहेरी जाऊन बसते आणि खुशीत परतते. एकदा मीही गेलो आणि सहज विचारलं, "बाबा, तुम्ही कायम निकेलच वापरायचात ना?"

"निकेल?" सासरे म्हणाले. "मला कुठे त्यातलं कळतंय? दुकानात मिळतील त्या तारा लावायचो."

साडूला अजून वाटतं, झाकण निम्मं आणि माझं निकेल निम्मं. परवा फोन करून माझा सल्लाही घेतला त्याने. तुमची त्याची कधी गाठ पडलीच, तर कृपा करून विषय काढू नका.