जगदाळेकाका आणि फ्रान्सची पोथी

जगदाळेकाकांच्या घरी गेलं की चपला काढायच्या आधी हात दाखवावे लागतात. आधी पालथे, मग उताणे. हँड क्रीम लावलेलं असेल तर थेट सिंककडे रवानगी. इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमधल्या आमच्या गोतावळ्यात एक सर्जन आहेत, काकांनी त्यांनाही एकदा परत हात धुवायला पाठवलं होतं.

काका रंगाच्या कंपनीत केमिस्ट होते. रिटायर झाल्यावर जवळच्या एका लायब्ररीत व्हॉलंटियर झाले आणि तिथे त्यांना ‘पोथी’ भेटली. पोथी म्हणजे मध्ययुगातलं ख्रिस्ती प्रार्थनेचं पुस्तक. फ्रान्समधल्या एका कापडवाल्याने बायकोसाठी हाताने लिहून, सोन्याने आणि रंगांनी सजवून घेतलेलं. पुढे ते नन्सच्या मठात गेलं, मठ लुटला गेला, पुस्तक बाजारात आलं आणि फिरत राहिलं, शेवटी एका श्रीमंत अमेरिकन माणसाने ते विकत घेऊन लायब्ररीला दिलं. ही सगळी परवड काका घरच्या माणसाची सांगावी तशी सांगतात.

“हा निळा बघ. अफगाणिस्तानातला दगड कुटून केलाय. तिथून फ्रान्सला गेला, व्हिसा नाही की काही नाही.”

ग्लोव्हजचं नाव काढलं की मात्र भडकतात. “ग्लोव्हज सिनेमात. मोज्यातून बोटाला पान कळत नाही, फाटतं. हात धुतलेला आणि कोरडा पाहिजे. तोही लायब्रेरियनचा. तुमचे हात मागे.”

‘हात मागे’ हा त्यांचा मंत्र. गेल्या वर्षी काकू गेल्या आणि हे वेड फारच वाढलं. हॉलमध्ये काकूंचा फोटो आहे, त्याच्या काचेवर बरोबर गालापाशी एक धुरकट डाग होता. एवढ्या लख्ख घरात तो मला खटकला. मी ओढणीने पुसायला गेले तर काका एकदम खेकसले, “हात मागे.” मी मुकाट्याने सोफ्यावर बसले.

यंदा काकांनी खटपट करून आमच्या मंडळातल्या दहाएक जणांना पोथी दाखवायची परवानगी मिळवली. लायब्रेरियन हेलनबाई कडक. पुस्तक काचेबाहेर ठेवीन, पण कुणाचं बोट लागलं तर असल्या भेटी बंद आणि काकांचं व्हॉलंटियरिंगही बंद, असं तिने स्पष्ट सांगितलं.

“गुरुवारी तिथे जायचं असतं म्हणून मी बुधवारी दाढी करतो,” काका मला म्हणाले. “ते गेलं तर दाढी तरी कशाला करू?”

धोका एकच होता, आणि तो आमच्याच घरात राहत होता. माझ्या सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. पुस्तक दिसलं की त्याला हात लावून कपाळाला लावायचा, ही त्यांची जन्माची सवय. मायक्रोवेव्हच्या मॅन्युअलला पाय लागला, तर त्यालाही नमस्कार केला होता.

काकांनी त्यांच्या हॉलमध्ये आमची रंगीत तालीम घेतली. उशीवर पंचांग उघडून ठेवलं. हात पाठीमागे बांधून एकेकाने पुढे जायचं, वाकायचं, बघायचं, परत यायचं. सासूबाई गेल्या, वाकल्या आणि पंचांगाला हात लावून कपाळाला टेकवला. काका मटकन खुर्चीत बसले.

“अहो भाऊ, आपोआप गेला हात,” सासूबाई म्हणाल्या. “पोथीला नमस्कार नाही करायचा तर काय सलाम ठोकायचा?”

“अश्विनी, यांना घरी ठेव.”

“मी येणार,” सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

शेवटी मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवायचा, असं ठरलं.

शनिवारी पार्किंग लॉटमध्येच काकांनी सगळ्यांचे हात तपासले. आत टेबलावर, फोमच्या आधारावर ते छोटंसं पुस्तक उघडं होतं. सोनं चमकलं मात्र, सासूबाईंची बोटं वळवळली. मी पकड आवळली.

“अगं, बांगडी रुततेय.”

हेलन सांगत होती, काका मराठीत आणत होते. ही पानं कागदाची नाहीत, वासराच्या कातड्याची आहेत, हे कळल्यावर निम्मी मंडळी मागे सरली. सासूबाईंची बोटंही सैलावली. मला हायसं वाटलं.

“पण लिहिलंय तर देवाचंच ना,” त्या पुटपुटल्या आणि बोटं पुन्हा वळवळली. काकांच्या कपाळावर घाम दिसत होता.

हेलनने शेवटचं पान उलटलं. कोपऱ्यात एक बाई गुडघे टेकून बसलेली, त्या कापडवाल्याची बायको. निळा झगा शाबूत, जोडलेले हात शाबूत. चेहरा मात्र नव्हता. तिथे नुसतं उघडं कातडं उरलं होतं.

“पाणी पडलं का?” कुणीतरी विचारलं.

हेलनने मान हलवली. पाणी नाही, हा स्पर्श आहे, ती म्हणाली. बहुधा या बाईच्या घरच्यांचा. ती गेल्यावर कुणीतरी रोज तिच्या गालाला बोट लावत असेल, ओठ टेकत असेल. रंग थोडा थोडा निघून गेला.

काकांनी भाषांतरासाठी तोंड उघडलं आणि ते तसेच थांबले. मग त्यांचा उजवा हात पाठीमागून पुढे आला. सावकाश त्या पुसलेल्या जागेकडे निघाला. हेलन खाली वाकून फोम सारखा करत होती. माझे दोन्ही हात सासूबाईंना धरण्यात गुंतलेले.

सासूबाईंनी माझ्या मुठीतून हात हिसडून सोडवला आणि काकांचं मनगट धरलं. पान बोटांपासून वीतभर अंतरावर होतं.

“भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या, “हात मागे.”

हेलनने वर पाहिलं. तिला हातात हात घालून उभी असलेली दोन म्हातारी माणसं दिसली. ती हसली आणि तिने पुस्तक मिटलं.

परत येताना गाडी मी चालवत होते, ती दोघं मागच्या सीटवर होती. सासूबाईंनी काकांचा हात अजून सोडला नव्हता.

“फोटोवर काच आहे म्हणून बरं, अश्विनी,” काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. “नाहीतर तुझ्या काकूचा चेहरा केव्हाच पुसून गेला असता.”

मी गाडी जरा बाजूला घेऊन थांबवली.