त्र्यंबकराव सांबर निवांतनगरात राहायला जातात

बसा मुलांनो, अशी जवळ बसा. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांनी खुर्ची घ्या. गोष्ट ऐकायला बसलं की सगळी मुलंच. गुडघ्याला पट्टा असला तरी चालतो.

तर एका डोंगरी जंगलात त्र्यंबकराव नावाचे एक सांबर राहत होते. जंगल दाट होतं. करवंदीच्या जाळ्या होत्या, बारमाही ओढा होता, आणि जंगल म्हटलं की असतो तसा एक वाघही होता.

त्र्यंबकराव राजाच्या नोकरीत होते. काम एकच. वाघ निघाला की टेकाडावर उभं राहायचं, पाय आपटायचा आणि "पोंक!" असं ओरडायचं. ते ऐकून सगळं जंगल पळायचं. हे काम त्र्यंबकरावांनी आयुष्यभर चोख केलं.

मग ते निवृत्त झाले. राजाने शाल-श्रीफळ दिलं. शाल त्र्यंबकरावांनी समारंभातच खाऊन टाकली. नारळ काही फुटला नाही. त्यांच्या जागी एक तरुण सांबर लागला. त्याचा आवाज चिरका होता, पण मामा दरबारात होता.

घरी आल्यावर त्र्यंबकराव बायकोला म्हणाले, "द्वारका, आता इथं राहायचं नाही."

द्वारकाबाई गवत चघळत होत्या. त्या म्हणाल्या, "का? इथं काय वाईट आहे?"

"इथं वाघ आहे."

"तो तर आपलं लग्न झालं तेव्हापासून आहे."

"म्हणूनच. सगळा जन्म त्याच्या मागे गेला. आता चार दिवस निवांत हवेत. रानडुकरांचे अण्णा गेले, भेकरांची मंडळी गेली. निवृत्त झालं की परमुलखात जायचं, चांगलंसं उपनगर बघायचं, तिथं मोकळी हवा खायची. हल्ली तशी रीतच आहे."

"हवेनं पोट भरतं का?" द्वारकाबाईंनी विचारलं. पण त्र्यंबकरावांचं ठरलं होतं. आणि मुलांनो, निवृत्त माणसाचं एकदा ठरलं की घरात दुसऱ्या कुणाला काही ठरवायचं उरत नाही.

त्या जंगलात रंगनाथ नावाचा एक सरडा जागा दाखवण्याचा धंदा करायचा. तो गवतावर हिरवा व्हायचा, खडकावर करडा व्हायचा, आणि गिऱ्हाईक बोलायला लागलं की गिऱ्हाइकाच्या रंगाचा व्हायचा.

त्याने दोघांना आधी एक तळ्याकाठची जागा दाखवली. "पाण्याला अगदी लागून," तो म्हणाला. पाण्यात एक मगर तोंड उघडून पडली होती. "ह्या इथल्या जुन्या रहिवासी. दुपारच्या झोपलेल्याच असतात."

"आणि सकाळच्या?" द्वारकाबाईंनी विचारलं. सरडा पुढे चालू लागला.

दुसरी जागा एका गावाच्या कडेला होती. तिथल्या कुत्र्यांनी त्यांना नदीपर्यंत पळवलं. सरडा त्र्यंबकरावांच्या शिंगावर बसून सांगत होता, "बघा, शेजार किती जागरूक आहे!"

नदी ओलांडली, घाट उतरला, आणि मुलूखच बदलला. सपाट माळरान. लांब लांब बाभळी, मधेमधे बोरी. तिथं एक पाटी होती: निवांतनगर. केवळ निवृत्तांसाठी.

"चढ नाही, उतार नाही," रंगनाथ म्हणाला. "चालायला आखीव वाट. दर अमावास्येला वैद्य. आणि शांतता तर अशी की स्वतःचं रवंथ ऐकू येतं."

"वाघ?" त्र्यंबकरावांनी दबक्या आवाजात विचारलं.

"नावालाही नाही. गळ्याची शपथ." सरड्याने गळा हलवून दाखवला. सरड्याचा गळा तसाही हलतच असतो, पण त्र्यंबकरावांचं समाधान झालं.

द्वारकाबाई मात्र थोड्या पुढे गेल्या. तिथं एक रोहीण चरत होती. रोही म्हणजे नीलगाय. तिकडे तेच नाव. द्वारकाबाईंनी विचारलं, "काय हो, इथं पाणी कुठं आहे?"

"पानी व्हय? हे काय, येथीच राह्यते जी," रोहीण प्रेमाने म्हणाली. "पावसाळ्यात."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात आमी बी येथी नाई राह्यत."

द्वारकाबाईंनी परत येऊन हे सांगितलं. त्र्यंबकराव म्हणाले, "अडाणी आहेत ते. त्यांना नियोजन ठाऊक नाही." आणि मुलांनो, दोघं निवांतनगरात राहायला आली.

सुरुवातीला त्र्यंबकराव फार खूश होते. सकाळी आखीव वाटेवर चालायचं. संध्याकाळी कट्ट्यावर बसायचं. कट्ट्यावर सगळेच परगावचे, सगळेच निवृत्त. एकाचं पोट साफ होत नसे, तो ते सांगे. दुसऱ्याचं होत असे, तोही सांगे. वसाहतीचे सेक्रेटरी वासुदेवराव वानर होते. त्यांना सभा घेण्याची आवड होती. विषय नसला तर विषय का नाही यावर सभा होई.

अशाच एका सभेत त्र्यंबकरावांनी सूचना मांडली की दिवस मावळल्यावर निवांतनगरात कुणी मोठ्याने ओरडू नये. सूचना एकमताने मंजूर झाली. टाळ्यासुद्धा हळूच वाजवण्यात आल्या.

हळूहळू मात्र त्र्यंबकरावांना काहीतरी होऊ लागलं. त्यांचे कान उगीच फिरायचे. डावीकडे फिरायचे, उजवीकडे फिरायचे, आणि काहीच न मिळाल्यामुळे पडायचे. पाय जड झाले. भूक गेली. वैद्य म्हणाला, "वय झालं." हे निदान तो सगळ्यांचंच करायचा. निवांतनगरात ते कधी चुकत नसे.

द्वारकाबाईंचं त्यामानाने बरं चाललं होतं. त्या रोहिणींच्यात जाऊन बसायच्या. "हौ जी", "नाई जी" म्हणायला शिकल्या होत्या. सुकी बोरं कुठं मिळतात ते त्यांना कळलं होतं. पण एक दिवस त्या चरता चरता थांबल्या आणि म्हणाल्या, "एक विचारू का?"

"विचार की."

"परवापासून तुम्ही माझ्याकडे बघितलेलं नाही."

"म्हणजे काय? समोर तर आहेस."

"समोर आहे. पण तिकडे असताना चार पावलं टाकली की मागे वळून बघायचात. द्वारका आहे ना, द्वारका मागे राहिली नाही ना. आता मी असले काय, नसले काय."

"अगं, इथं धोकाच नाही तर बघायचं कशासाठी?"

द्वारकाबाईंनी बोरं खाल्ली. त्या दिवशी बोरं जास्तच आंबट होती म्हणे.

आणि एका संध्याकाळी काय झालं, मुलांनो? पाटीजवळून रंगनाथ सरडा येताना दिसला. आज तो पिवळा झाला होता, आणि अंगावर काळे पट्टे होते. त्याच्या मागून एक वाघ चालत होता.

"शेजार कसा आहे?" वाघ विचारत होता.

"उत्तम. एका बाजूला सांबर, दुसऱ्या बाजूला चितळ. जेवणखाण अगदी दाराशी. तुम्हाला पळावं लागू नये म्हणून सपाट जागाच निवडली."

त्र्यंबकरावांनी वास घेतला. त्यांचे कान ताठ झाले. पाय आपोआप आपटला गेला. आणि सगळ्या माळरानाला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, "पोंक!"

ओरडले आणि गर्रकन मागे वळले. द्वारकाबाई तिथंच होत्या. बाईंच्या म्हाताऱ्या डोळ्यांत एवढं पाणी कुठून आलं, त्यांनाच कळलं नाही.

वासुदेवराव वानर तरातरा आले. "त्र्यंबकराव! दिवस मावळलाय! नियम तुम्हीच मांडला होता!"

"वाघ आहे हो!"

"वाघ असो की आणखी कुणी. तक्रार असेल तर सभेपुढे..." इथे त्यांनी मागे बघितलं. उरलेलं वाक्य ते बाभळीच्या शेंड्यावरून बोलले.

वाघाने झेप घेतली, पण ती अर्ध्या वाटेतच संपली. तो धापा टाकत खाली बसला आणि म्हणाला, "त्र्यंबकराव ना तुम्ही? आवाज अजून खणखणीत आहे हो!"

"तुम्ही... आमच्याकडचे?" त्र्यंबकराव लांबूनच म्हणाले.

"म्हणजे काय! मीही निवृत्त झालो. तिकडे आता तरुण वाघ आला. दोन दात राहिलेत, त्यातला एक हलतो. म्हटलं, जावं कुठंतरी निवांत." वाघाने इकडेतिकडे पाहिलं. "काय हो, इथं करवंदीची जाळी नाही का कुठं?"

"नाही हो," त्र्यंबकरावांना गहिवरून आलं. "इथं नुसत्या बोरी."

"छे! तुमच्या थोरल्या बंधूंना मी करवंदीच्या जाळीमागूनच..."

"हो, हो. ओढ्याच्या वळणावर."

"भला सांबर होता."

"फार भला," त्र्यंबकराव म्हणाले. आपल्या भावाची आठवण काढणारं या मुलखात दुसरं कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून निवांतनगराचा नूरच पालटला. वाघ रोज संध्याकाळी फेरी मारायचा. त्र्यंबकराव "पोंक" करायचे. सगळी वसाहत पळायची. कुणाचे गुडघे मोकळे झाले, कुणाचं पोट साफ झालं. अमावास्येला वैद्य आला तेव्हा त्याला एकही रोगी मिळाला नाही. तो रागावून निघून गेला. पळून झाल्यावर त्र्यंबकराव आणि वाघ मधे एक चर सोडून बसायचे आणि गावाकडच्या पावसाबद्दल बोलायचे.

पण वाघ तो वाघ. बेडकांवर आणि उंदरांवर त्याचं भागेना. एक दिवस तो म्हणाला, "मंडळी, मी परत जातो. इथं उपाशी मरेन."

निवांतनगरात हाहाकार उडाला. वासुदेवरावांनी तातडीची सभा बोलावली. "वाघ गेला तर आपल्या प्रकृतीचं काय?" ते म्हणाले. "त्याला ठेवून घ्यायलाच हवं. त्यासाठी कुणीतरी थोडा त्याग केला पाहिजे."

"कुणी?" चितळाने विचारलं.

सगळ्यांनी एकदमच त्र्यंबकरावांकडे पाहिलं.

"तुमच्याच गावचा आहे," एक जण म्हणाला.

"तुमची बोलीही तीच," दुसरा म्हणाला.

"घरचंच माणूस म्हणा ना," तिसरा म्हणाला.

ठराव एकमताने मंजूर झाला. त्र्यंबकराव सवयीने हात वर करणार होते, तेवढ्यात द्वारकाबाईंनी त्यांना ढुशी मारून सभेबाहेर काढलं.

"चला," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"जिथं आपल्याला खायचं की नाही याचा ठराव होत नाही तिथं."

पहाटे दोघं निघाली. वाटेत रोहीण भेटली. "चालल्या का जी? अजून थांबा ना," ती म्हणाली. द्वारकाबाईंनी तिच्या मानेला मान घासली. साऱ्या निवांतनगरात निरोप घेण्यासारखं तेवढंच एक घर होतं.

इकडे वासुदेवराव ठराव सांगायला वाघाकडे गेले. कामकाज नियमाने व्हावं म्हणून ते झाडावरून उतरून थेट समोर उभे राहिले. "त्र्यंबकरावांना आपल्याकडे पाठवण्याचं ठरलं आहे," ते म्हणाले.

"पण ते तर पहाटेच गेले. मी पाहिलं."

"अरेरे! मग आता?"

"आता तुम्ही आलाच आहात," वाघ म्हणाला. न हलणारा दात त्या दिवशी कामी आला.

जेवण झाल्यावर वाघ चराजवळ जाऊन बसला. पलीकडे कुणी नव्हतं. आज पोट भरलं होतं, पण ते सांगायचं कुणाला? त्याने चितळाला हाक मारली, तर चितळ पळालं. दोन दिवस बसून मग तोही नदीच्या दिशेने चालू लागला.

पंधरवड्याने रंगनाथ सरडा एका भेकराच्या जोडप्याला घेऊन आला. त्र्यंबकरावांची जागा रिकामीच होती.

"इथं आधी कोण राहायचं?" भेकराने विचारलं.

"एक सांबर दांपत्य. फार समाधानी. जागा इतकी आवडली की गावी सांगायला गेलेत."

"आणि ही बाजूची?"

"एक सद्गृहस्थ होते. मितभाषी. तेही सांगायलाच गेलेत," सरडा म्हणाला, आणि भेकरासारखा तांबूस झाला.

तात्पर्य: म्हातारपणी राहायला उपनगर निवडताना हवा, पाणी आणि वैद्य बघत बसू नये. आपल्याला खाणारा आपल्या बोलीत बोलतो ना, एवढी चौकशी करावी. बाकीच्या सोयी सगळीकडे सारख्याच असतात.