अस्वलाची नऊ मिनिटं

एका जंगलात मंगळवार होता.

मुलांनो, गोष्टीत बहुधा वार सांगत नाहीत. मी सांगतो आहे, कारण त्या दिवशी दुसरं सांगण्यासारखं काहीच नव्हतं. ऊन रोजच्यासारखं होतं. ओढ्याला रोजच्याइतकं पाणी होतं. त्र्यंबकराव अस्वल दारात बसून तळपायातला काटा काढत होते. तेवढ्यात निरोप पोचवणारा कोतवाल पक्षी फांदीवर येऊन बसला आणि शेपटी सावरत म्हणाला, "निरोप आहे."

"दे."

"पलीकडच्या डोंगरावरून. वत्सलाबाई काल दुपारी बहिणीकडे जेवून आडव्या झाल्या. उठल्या नाहीत."

कोतवालानं शेपटी पुन्हा सावरली. मग म्हणाला, "पोच द्यावी लागेल."

त्र्यंबकरावांनी पोच दिली. काटा अर्धा बाहेर आला होता, तो पूर्ण काढला. वत्सलाबाई त्यांची बायको होती.

आता या जंगलाची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. फार पूर्वी एक कोल्हा कुणाच्या तरी घरी समाचाराला गेला आणि गेलेल्या जनावराबद्दल तीन दिवस बोलत बसला. चौथ्या दिवशी त्या घरात आणखी एक जण गेला. तेव्हापासून नियम झाला, की समाचाराला गेल्यावर गेलेल्याचं नाव काढायचं नाही. घरच्यांनीही काढायचं नाही. त्याऐवजी, आलेल्यानं त्या घरातलं एखादं अडलेलं काम करून द्यायचं. छप्पर शाकारावं, पाणी भरावं, बीळ लिंपावं. काम न करता निघालं तर समाचार पोचत नाही. आणि घरच्यानं काम करू दिलं नाही तर तो मोठा अपमान.

रीत चांगली होती. पंचाईत एवढीच, की त्र्यंबकरावांच्या घरात अडलेलं कामच नव्हतं. वत्सलाबाई बाहेरगावी जाताना घर असं आवरून जायच्या, की चोर आला असता तर त्यानंही पाय पुसले असते. पाणी भरलेलं, छप्पर शाकारलेलं. लोणच्याच्या बरण्यांना फडकी बांधलेली.

पहिल्याच दिवशी नाना वानर आला. शेजारच्या उंबरावर राहायचा. जंगलात असा एकही विषय नव्हता, ज्यात नानाला गती नव्हती. त्यानं घरभर नजर फिरवली, एकही काम दिसेना, तसा तो कासावीस झाला. मग त्याला कोपऱ्यातला संगणक दिसला.

"त्र्यंबकराव, हा चालतो?"

"चालतो की."

नानानं बटण दाबलं. थोडा वेळ वाट पाहिली. शेपूट खाजवली. पुन्हा वाट पाहिली.

"याला चालणं म्हणतात? हा रांगतोय!" नाना आनंदानं ओरडला. घरात दुःख आहे हे आठवून त्यानं आवाज खाली आणला. "किती वेळ घेतो?"

"नऊ मिनिटं."

"नऊ! अहो, नऊ मिनिटांत मी दोन झाडं ओरबाडून येतो. थांबा, तुमचं काम मिळालं मला."

मुलांनो, त्या नऊ मिनिटांत काय व्हायचं ते आता ऐका. कारण नानानं ते विचारलं नाही.

त्र्यंबकराव मध तपासणी खात्यातून निवृत्त झाले होते. निवृत्त जनावरांना रोज सकाळी संगणकावर जाऊन आपण हयात असल्याची नोंद करावी लागायची. संगणक होता अकरा वर्षांचा. म्हणून सव्वासातला बटण दाबायचं, वत्सलाबाईंनी चहा टाकायचा, आणि दोघांनी त्याच्यासमोर बसायचं.

पहिली तीन मिनिटं पडदा काळा असायचा. तेवढ्यात वत्सलाबाई माहेरच्यांबद्दल बोलायच्या. कोणाची सून कोणाशी बोलत नाही, कोणाचं गुडघ्याचं कसं आहे. मग निळं चक्र यायचं आणि गरगर फिरत राहायचं. ही तीन मिनिटं त्र्यंबकरावांच्या दोषांना राखून ठेवलेली होती. ओल्या पायांनी घरात येणं, घोरणं, ऐकून न ऐकल्यासारखं करणं. शेवटच्या तीन मिनिटांत पडद्यावर चित्रं एकेक करून उगवायची, सुट्टीवरून आलेल्या कारकुनांसारखी. तेव्हा आज जेवायला काय करायचं, हे ठरायचं. मग त्र्यंबकराव हयातीची नोंद करायचे आणि दोघं आपापल्या वाटेला लागायची.

उरलेल्या दिवसात बोलायला सवड नव्हती असं नाही. पण उरलेल्या दिवसात काही ना काही चालू असायचं. सकाळी मात्र काहीच चालू होत नसे.

हे सगळं नानाला सांगायचं, तर नाव काढावं लागलं असतं. त्र्यंबकराव फक्त म्हणाले, "नाना, राहू दे. घाई कुठे आहे?"

"तुम्ही बसा निवांत," नाना म्हणाला. "बघा, तुम्ही बटण दाबलं रे दाबलं, की आतले सतरा प्रोग्रॅम उठून उभे राहतात. हा कोण? हा प्रिंटरवाला. तुमच्याकडे प्रिंटर आहे?"

"होता. वाळवीनं खाल्ला."

"वाळवी तुम्ही खाता ना?"

"नंतर खाल्ली."

नानानं सतरा जणांपैकी पंधरा जणांना झोपवलं. चित्रं एकदम, एका झटक्यात उगवू लागली. सहा मिनिटं झाली. आज जेवायला काय, हा विषय गेला.

तिसऱ्या दिवशी केरबा रानडुक्कर आला. त्र्यंबकरावांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याला संगणकातलं काही कळत नव्हतं, पण उकरण्यातलं सगळं कळत होतं. त्यानं पेटीचं झाकण काढलं, आत नाक घातलं आणि जोरात फुंकर मारली. घरात अंधार झाला.

"त्र्यंबक्या, अरे हा संगणक आहे की तुझी गादी? अर्धं अस्वल आत आहे!"

खरंच होतं. अकरा वर्षांचे केस होते, माती होती, पंख्याला मेण चिकटलं होतं. केरबानं सगळं सुळ्यांनी खरवडून दारामागे आंब्याच्या बुंध्याशी टाकलं. पंख्याची घरघर थांबली. पाच मिनिटं झाली.

पाचव्या दिवशी शेवंताबाई खार आली. वत्सलाबाईंची मैत्रीण. बोलायचं नाही या नियमाचा सर्वांत जास्त त्रास तिलाच होत होता. ती नुसती इकडून तिकडे पळत होती.

"भावजी, माझ्याकडे रॅमची पट्टी आहे. चांगली आठ जीबीची. ही घातली की तुमचा संगणक वाऱ्यासारखा पळेल."

"कशाला वहिनी? तुम्हालाच लागेल ती."

"मला कशाला? पुरून ठेवली आहे. फक्त कुठे पुरली ते आठवत नाही."

त्र्यंबकरावांना हायसं वाटलं. पण शेवंताबाईनं त्या दिवशी बेचाळीस खड्डे उकरले. त्रेचाळिसाव्यात पट्टी सापडली. तिच्याबरोबर पोरं लहान असतानाचे अक्रोड सापडले, म्हणून ती थोडा वेळ रडली. रीतीप्रमाणे ते रडणं अक्रोडांसाठीच धरण्यात आलं. निळं चक्र दोनदा फिरून गप्प बसू लागलं. दोन मिनिटं झाली. दोषांचा विषय गेला. माहेरची माणसंही त्र्यंबकरावांना मनातल्या मनात धावतपळत आटपावी लागली.

शेवटी पिलाजी घोरपड आला. तो फार बोलत नसे. काखेतून एक चपटी डबी काढून म्हणाला, "जुनी डिस्क फिरते. ही फिरत नाही. बसल्या जागी काम करते."

"माझ्यासारखी," सोबत आलेला केरबा म्हणाला.

"तू बसल्या जागी काम करत नाहीस," पिलाजी म्हणाला. "तू बसतोस."

त्यानं जुनी डिस्क काढली, नवी बसवली. जुन्यातलं सगळं नव्यात घेतलं, एक कागदही हरवू दिला नाही. जुनी डिस्क चकचकीत दिसली म्हणून घरी घेऊन गेला.

तेराव्या दिवशी सगळे जमले. नानानं बटण दाबलं. अकरा सेकंद. दुःखाच्या घरी टाळ्या वाजवत नाहीत, म्हणून सगळ्यांनी शेपट्या आपटल्या.

"त्र्यंबकराव, हिशेब करा," नाना म्हणाला. "वर्षाला सव्वादोन दिवस वाचले तुमचे!"

ते कुठे ठेवले आहेत, असं त्र्यंबकरावांना विचारावंसं वाटलं. पण ते म्हणाले, "फार उपकार झाले."

दुसऱ्या दिवशी सव्वासातला त्यांनी बटण दाबलं. चहाचं आधण ठेवायला वळले, तोवर संगणक तयार होता. सात वाजून पंधरा मिनिटं आणि तीस सेकंदांनी त्र्यंबकराव हयात असल्याचं सिद्ध झालं. मग दिवस सुरू झाला. तो फार मोठा होता.

आठवडाभर त्यांनी कळ काढली. मग ते उंबराखाली जाऊन उभे राहिले.

"नाना, तो जरा जास्तच पळतो. थोडा सावकाश होईल का?"

"होईल की!" नाना वरून म्हणाला. "दहा वर्षं थांबा."

तेवढं थांबणं त्र्यंबकरावांच्या वयाला परवडणारं नव्हतं. त्यांनी स्वतःच कामाला हात घातला. संगणकावर जिथे जिथे "मोफत" लिहिलं होतं, तिथे तिथे पंजा ठेवला. सात जंगलांचं हवामान घेतलं. तीन पंचांगं घेतली. दर तासाला वेळ सांगणारा पोपट घेतला. विषाणू पकडणारे तीन पहारेकरी घेतले. ते एकमेकांनाच विषाणू समजून सकाळभर एकमेकांची झडती घेऊ लागले. दीड मिनिट झालं.

शेवंताबाईला पट्टी परत नेऊन दिली. "बरं झालं," ती म्हणाली आणि तिथेच पुरून विसरली. जुनी पट्टी परत बसवल्यावर साडेतीन मिनिटं झाली.

मग ते पिलाजीकडे गेले. "ती फिरणारी डिस्क हवी होती."

पिलाजीनं आतून एक गोल आरसा आणून दाखवला. डिस्क उघडून त्यानं तो काढला होता. घोरपडीण त्यात तोंड बघत असे. तिनं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, म्हणून त्र्यंबकरावांनी पुढे काही मागितलं नाही. "छान दिसतोय," म्हणाले आणि परतले.

त्या दिवशी केरबा सहज आला, तेव्हा त्र्यंबकराव पेटीचं झाकण उघडून आत काहीतरी ओतत होते.

"काय करतोस रे?"

"माती घालतोय."

दुःखानं डोकं फिरलेली जनावरं केरबानं पाहिली होती, पण त्यांचं हस्ताक्षर बिघडायचं, ती रात्रीबेरात्री ओरडायची. मोजून चिमूट-चिमूट माती घालणारं कुणी त्यानं पाहिलं नव्हतं.

"त्र्यंबक्या, आम्ही चौघांनी तेरा दिवस राबून पळवलाय तो. आणि तू?"

"मला पळायला नकोय."

"का?"

त्र्यंबकरावांनी चिमटीतली माती पेटीत सोडली. रीत मोडायची नव्हती. ते म्हणाले, "चहा व्हायच्या आत उघडतो रे."

केरबाचं घर ओढ्यापलीकडे होतं, पण लहानपणापासून तो कितीतरी सकाळी या दारात येऊन उभा राहिला होता. आतून बोलण्याचा आवाज ऐकून, आत्ता नको, असं म्हणून कितीदा तरी परत गेला होता.

"बाजूला हो," तो म्हणाला. "तुझं काही खरं नाही. ही काय माती आहे? ही अंगणातली, भुसभुशीत. ही पंख्याला धरायची नाही."

तो दारामागे गेला. आंब्याच्या बुंध्याशी बराच वेळ त्याचं उकरणं ऐकू येत होतं. मग तोंडभर काहीतरी घेऊन आला आणि सगळं पेटीत टाकलं. केस, माती, मेण. वर सुळ्यानं दाबलं.

"मागे काढलं होतं ते चुकीचं काम झालं," तोंड पुसत तो म्हणाला. "समाचार पोचला नव्हता. आता पोचला. दाब बटण."

पंखा घरघरला. पडदा काळा झाला. तीन मिनिटं काळाच राहिला. मग निळं चक्र आलं आणि फिरू लागलं. केरबानं मध्येच विचारलं, "अजून किती?" त्र्यंबकराव म्हणाले, "गप बस." केरबा गप्प बसला. सहा मिनिटं भरली.

तेव्हापासून त्र्यंबकराव सव्वासातला बटण दाबतात आणि चहा टाकून समोर बसतात. काळ्या पडद्याच्या वेळी माहेरच्या माणसांचा विचार करतात. कोण कोणाची सून, हे त्यांनी कधी नीट ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे घोटाळे होतात. निळ्या चक्राच्या वेळी स्वतःचे दोष आठवतात. पण आपले आपण काढायला गेलं, तर चार-पाचच निघतात.

चित्रं मात्र अजूनही सगळी एकदम उगवतात. त्र्यंबकरावांनी खूप खटपट केली, केरबानंही केली. सहा मिनिटं जमली. शेवटची तीन राहून गेली.

तात्पर्य: घरातला संगणक मंद झाला, तर त्यातलं अनावश्यक ते ताबडतोब काढून टाकावं. अनावश्यक काय, हे घरातल्या माणसाला विचारत बसू नये. त्यात फार वेळ जातो.