कर्ता कुठे आहे?

सासूबाईंना इंग्रजी मी शिकवीन, असं मी जेवताना सहज बोलून गेलो. (तोंडात घास असताना बोलू नये, हे मला लहानपणी बजावलेलं होतं.) परदेशातल्या मेहुण्याने त्यांना सहा महिन्यांसाठी बोलावलं होतं. व्हिसाची मुलाखत इंग्रजीतूनच द्यायची, दुभाष्या नको, असा त्यांचा हट्ट. आणि सासूबाई सहा महिने घरात नाहीत, या कल्पनेने मी आतून इतका मोहरलो होतो, की चिनीसुद्धा शिकवायला बसलो असतो.

पहिल्याच संध्याकाळी अडलं.

"आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म," मी म्हणालो. "आपण क्रियापद शेवटी ठेवतो, ते लोक मधे घालतात."

"म्हणजे आधी करून मोकळं व्हायचं, आणि काय केलं ते मागून सांगायचं?"

"तसंच समजा."

"तुमच्यासारखंच की!"

सवय व्हावी म्हणून मी सुचवलं, घरात मराठीही त्याच क्रमाने बोला. झालं! "जावई सांडतात चहा," सासूबाई म्हणू लागल्या. "जावई विसरतात दिवा." आमची चौथीतली लेक आनंदाने सामील झाली. "बाबा खातात माझं डोकं." कर्ता कुणीही चालला असता, पण उदाहरणाला सगळ्यांना मीच सापडत होतो.

त्यात, इंग्रजी वाक्याला कर्ता लागतोच, हेही मीच सांगून ठेवलेलं. एका सकाळी मी नेहमीच्या सुरात म्हणालो, "अगं, बरणी फुटली."

"कर्ता?" बायकोने विचारलं.

"बरणीच कर्ता." मी व्याकरणाचा आधार घेतला.

"बरणीने फळीवरून स्वतःहून उडी मारली?"

मी तुकडे गोळा करायला वाकलो. दूध उतू गेलं, किल्ली हरवली, गॅस बंद करायचा राहिला... लग्न झाल्यापासून माझा संसार असल्या गरीब वाक्यांवर सुखाने चालला होता. आता प्रत्येक वाक्यात मला उभं केलं जाऊ लागलं. ऑफिसात तरी शांतता म्हणून मी उशिरापर्यंत बसू लागलो, तर साहेबांना वाटलं, यांना काम हवंय. त्यांनी ते दिलं.

मुलाखतीच्या दिवशी सासूबाई उजळ चेहऱ्याने घरी आल्या.

"एकही वाक्य चुकलं नाही! साहेब म्हणाला, परत याल कशावरून? इथे तुमची वाट कोण बघतं?"

"मग?" माझा जीव कानात आला.

"मी म्हणाले, नोबडी वेट्स. आय हॅव सन-इन-लॉ. आय गो, ही डान्सेस."

('डान्स'ला एस लावायला त्या विसरल्या नव्हत्या. माझंच शिकवणं!)

व्हिसा अर्थातच नाकारला गेला. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, तेव्हा मला त्या दोन दिवसांची किंमत कळली.

रविवारी मेहुण्याचा फोन आला. "भावजी, आईला येता येत नाही ना, मग आम्हीच येतो. मी, ही आणि जुळी. जुळ्यांना मराठीचा गंध नाही; पण तुम्ही आईला इतकं पक्कं शिकवलंत, तर आता काळजीच मिटली!"

आमच्या घरात खोल्या दोन. स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली मी पाय पसरून मावतो का, हे बायको आणि सासूबाई सध्या टेप लावून बघत आहेत. मावत नाही. पाय दुमडायचं ठरलं आहे.