करकोच्यास घरी सोडणेबाबत

विषय : पाय बरा झालेल्या करकोच्यास रुग्णालयातून घरी सोडणेबाबत.
संदर्भ : सदर करकोच्याचा याच विषयावरील अर्ज.

मुलांनो, वरील विषयास अनुसरून गोष्ट अशी, की एका जंगलात एक रुग्णालय होते. त्याला आत जायला एक मोठे दार होते आणि बाहेर पडायला एक छोटी खिडकी होती. खिडकीमागे घोरपड भाऊसाहेब बसत. घोरपडीची जात एकदा चिकटली की सुटत नाही. म्हणूनच त्यांची नेमणूक रुग्णांना सोडण्याच्या कामावर झाली होती.

या रुग्णालयात दीर्घजंघराव नावाचे एक करकोचे पाय मोडून दाखल झाले होते. एका सकाळी डॉक्टर अस्वलांनी त्यांचा पाय वाकवला, ताणला, टिचकी मारून वाजवून पाहिला.

"ठणठणीत! आजच घरी जा."

दीर्घजंघरावांना फार आनंद झाला, कारण त्यांना घाई होती. करकोचे म्हणजे हिवाळ्याचे पाहुणे. वारा फिरला की थवा उत्तरेला निघतो, आणि मागे राहिलेल्यासाठी वारा थांबत नाही. तो आता कधीही फिरणार होता. तळ्यावर त्यांची बायको सारजाबाई मान उंच करून वाट पाहत होती.

वॉर्डाच्या दारात एक साळिंदर खाटेसाठी ताटकळत होते. त्याच्या पायात काटा रुतला होता. काटा कुणाचा, हे विचारायचे धाडस कुणी केले नव्हते.

"काका, निघालात ना? मग मी पडू खाटेवर?"

"पड बाळा, पड."

"खबरदार!" नीलगाय सिस्टर म्हणाल्या. "खाट भरलेली आहे. कागद आला की रिकामी होईल."

दीर्घजंघराव कागदासाठी खिडकीशी गेले.

"बसा," भाऊसाहेब म्हणाले.

"कुठं बसू?"

"मग उभे राहा."

ते उभे राहिले. तुम्ही विचाराल, त्यांना पंख होते ना? मग उडून का नाही गेले? मुलांनो, करकोच्याला उडण्याआधी चार पावले धावावे लागते, आणि रुग्णालयात जागोजागी पाटी होती : धावू नये. दीर्घजंघराव पाट्या वाचणाऱ्यांपैकी होते.

भाऊसाहेब चहाला गेले. आले. मग जेवायला गेले. करकोचा ताटकळला की काय करतो? एक पाय पोटाशी घेतो आणि दुसऱ्यावर डुलकी काढतो. दीर्घजंघरावांनीही तेच केले.

"अगं बाई!" सिस्टर किंचाळल्या. "पेशंटचा पाय टेकत नाहीये!"

"सिस्टर, आम्ही असेच उभे राहतो."

"आम्ही म्हणजे?"

"आमच्या घरी सगळेच. वडील, काका. आजोबा तर जन्मभर एका पायावर झोपले."

"म्हणजे घराण्यातच आहे," सिस्टर हळहळल्या आणि त्यांनी दीर्घजंघरावांना पुन्हा खाटेवर निजवले. दुपारनंतर डॉक्टर अस्वल दुसऱ्या जंगलात बसत. त्यामुळे विचारायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर म्हणाले, "ठणठणीत! अजून इथं कसे?" पुन्हा खिडकी. पुन्हा चहा. पुन्हा डुलकी, पाय वर, खाट. पुढच्या दिवशीही तेच. रुग्णालयाच्या मते आजार मोठा विचित्र होता. सकाळी बरा व्हायचा आणि दुपारी उलटायचा.

शेवटी सारजाबाई बाहेरून गजांशी आली.

"अहो, वारा फिरायला लागलाय! उद्या काहीही करून निघा."

"मी काय करू? उभं राहिलं की पाय आपोआप वर जातो."

"डुलकी काढू नका म्हणजे झालं. माझ्यापुढं नाचताना नाही कधी झोप आली!"

"तेव्हा समोर तू होतीस. इथं घोरपड आहे."

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कमाल केली. दोन्ही पाय जमिनीवर रोवले. डोळे तारवटले, मान लटपटली, गुडघे एकमेकांवर आपटले. पण पाय हलला नाही. उन्हे कलली तेव्हा भाऊसाहेबांनी डोके वर काढले.

"दोन्ही टेकलेत?"

"टेकलेत."

"मग झालं की काम! उगाच लोक उशीर होतो म्हणून ओरडतात."

त्यांनी कागद पुढे सरकवला. शाईची वाटी ठेवली. "हं, इथं पंजा उमटवा."

दीर्घजंघरावांनी आनंदाने पाय उचलला.

भाऊसाहेबांनी कागद मागे ओढला. "अरेरे. उचललात."

बाहेरून हे ऐकून सारजाबाईचे डोके फिरले. ती थेट तळ्यावर गेली. "एकट्याचं कोण ऐकतं? सगळे चला!" दुसऱ्या सकाळी डॉक्टरांच्या वेळेला अख्खा थवा कर्कश ओरडत आला आणि रुग्णालयाच्या अंगणात उतरला. थव्यातला सर्वांत वडीलधारा करकोचा पुढे झाला.

"डॉक्टरसाहेब, आम्ही सगळे धडधाकट आहोत. आता धडधाकट करकोचा कसा उभा राहतो, ते डोळ्यांनी पाहा."

त्याने मान डोलावली. साऱ्या थव्याने एकदम एकेक पाय पोटाशी घेतला.

डॉक्टर अस्वल व्हरांड्यात आले. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"साथ!" ते ओरडले. "दारं लावा!"

थवा दाखल झाला. खाटा कमी पडल्या. पण रुग्ण एकेका पायावर मावत असल्याने फारशी अडचण आली नाही. दुपारी वारा फिरला आणि एकटाच उत्तरेला गेला.

सारजाबाई आता दीर्घजंघरावांच्या शेजारी उभी असते. दोघांची प्रकृती उत्तम आहे. सर्वांना घरी सोडण्याबाबतचा एकत्रित अर्ज खिडकीवर देण्यात आला आहे. अर्ज विचाराधीन आहे.

तात्पर्य : एकीचे बळ फार मोठे असते. एकट्याचे काम रखडते. सगळे मिळून गेले, की सगळ्यांचे रखडते.