हात केला की बसायचं

नाशिक फाट्यावर उभा राहण्याआधी शिपाई ज्योतीरामने नवा हुकूम तोंडपाठ केला होता. बैलगाडीने मोठ्या रस्त्याच्या डाव्या अंगाने जावे, शिपायाने हात केला की थांबावे, इशारा होताच निघावे आणि रस्त्यात मुळीच उभे राहू नये. सत्तावन्न सालची गोष्ट. ज्योतीराम बार्शीकडचा, नोकरी अजून कच्ची. "पुन्हा फाटा तुंबला, तर पट्टा उतरवून घरी पाठवीन," असं फौजदार नानासाहेब सकाळीच बजावून गेले होते.

तेवढ्यात रहाटणीच्या सोपानरावांची कांद्याची गाडी आली. चाकणच्या बाजाराला निघाली होती. पोत्यांवर त्यांच्या कारभारीण गोजाबाई बसलेल्या. ज्योतीरामने हात केला, पण जरा उशिराच, त्यामुळे गाडी थांबली ती बरोबर फाट्याच्या मधोमध. त्याने घाईघाईने पुढे जायची खूण केली. बैल निवांत रवंथ करू लागले.

"चला की मामा!"

"मी हाय तयार, बैल न्हाईत. तुमी हात केला न्हवं? आता बसा."

"कुठं?"

"गाडीत."

खुलासा गोजाबाईंनी केला. वाटेत कुणी पायी चालणाऱ्याने हात केला, की त्याला गाडीत घ्यायचंच, हा त्यांचा लग्नापासूनचा शिरस्ता. बैलांना तेवढाच कायदा ठाऊक. हात दिसला की थांबायचं आणि माणूस चढून गाडी हलली की निघायचं.

"मग आसूड वढा!"

"माझ्या बैलांस्नी?" गोजाबाईंनी असं काही विचारलं, की ज्योतीरामने मान खाली घातली.

तोवर देहूरोडला निघालेल्या लष्करी लॉऱ्या येऊन उभ्या राहिल्या आणि भोंगे वाजू लागले. ज्योतीरामने चाकावर पाय देऊन गाडी हलवून पाहिली. मग सोपानरावांना उतरवून पुन्हा चढवलं. पण मालकाचं वजन बैल ओळखून होते. शेवटी त्याच्या पगाराकडे डोळे लावून बसलेल्या आईचा चेहरा आठवून तो स्वतःच पोत्यांवर चढला. बैल लगेच चालू लागले.

गाडी चार पावलं गेली असेल नसेल, समोर फौजदारांची जीप. रस्त्याचा बंदोबस्त सोडून आपला शिपाई कांद्यांवर बसलेला पाहून नानासाहेब खाली उतरले आणि संतापाने त्यांनी हात वर केला.

"साहेब, हात नका करू!" ज्योतीराम ओरडला. बैल थांबले होते.

"उतर खाली! पट्टा काढ!"

तो उतरला, सलाम ठोकला आणि रडवेल्या आवाजात सगळी हकिगत सांगितली.

"पुन्हा चढू का, साहेब?"

"पाय वर टाकून तर बघ!"

पुढच्या लॉरीतून एक लष्करी अधिकारी मिशा सारख्या करत उतरला. नानासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बैलांकडे.

"या वर," गोजाबाईंनी पोतं सरकवलं. "हात केल्यावर लाजायचं कशाला?"

नानासाहेब टोपी सांभाळत चढले. बैल निघाले. ज्योतीरामने पुन्हा एकदा कडक सलाम ठोकला आणि लॉऱ्यांना वाट दिली. जीप बैलांच्या चालीने मागून भोसरीपर्यंत गेली म्हणतात.

या प्रकाराचा रिपोर्ट झाला नाही. झाला असता, तर गाडीत कोणकोण बसलं होतं तेही लिहावं लागलं असतं. ज्योतीरामचा पट्टा कमरेलाच राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ड्यूटी संपवून पिंपरीतल्या खोलीकडे पायी निघाला होता. मागून सोपानरावांची रिकामी गाडी येताना दिसली. या मुलखात आल्यापासून त्याला 'बसा' असं फक्त याच गाडीवरून कुणी म्हणालं होतं. त्याने टोपी काढून काखेत धरली, रस्त्यावर कुणी साहेब नाही हे पाहून घेतलं आणि हळूच हात केला.

बैल थांबले.

"सरकारी काम हाय का?" सोपानरावांनी भीत भीत विचारलं.

"न्हाई मामा. दमलोय."

गोजाबाई आधीच सरकून बसल्या होत्या.